युवराजनंतर रणधीर

आमच्या मारुतीच्या देवळात सप्ताह बसला की विणा सात दिवस जमिनीला टेकत नाही. बारा पहारेकरी, दोन-दोन तास, एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात. विणा गळ्यात असेपर्यंत माणसानं उभं राहून नामच घ्यायचं, दुसरा शब्द बोलायचा नाही. पहारा बदलताना घेणारा आधी विणेकऱ्याच्या पाया पडतो, विणा गळ्यात घालून घेतो, मग देणारा त्याच्या पाया पडतो. वयाचा, भावकीचा, शेताचा काही हिशेब तिथं चालत नाही. कीर्तन ऐकायला मी अणदूरपर्यंत जाऊन आले आहे, एकेका बुवांच्या चाली मला पाठ आहेत. पण खरं सांगते, हे दोघांचं वाकणं पाहिलं की मला अर्धं कीर्तन ऐकल्यासारखं वाटतं.

यंदा पहाऱ्याची यादी माझ्याकडं आली. इतकी वर्षं ती उत्तरेश्वर आण्णा सांभाळायचे. त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा मंडळी म्हणाली, शिवकांता वहिनींना द्या, त्यांनी अंगणवाडीत सगळी कामं मोबाइलवर केलीत. आमच्या गावात बाईच्या गळ्यात विणा देत नाहीत, यादी मात्र दिली. आण्णांनी मला नावांचा कागद दिला आणि एवढंच बजावलं की ह्यात मागंपुढं करायचं नाही.

कारण विचारायची गरज नव्हती. बारा जणांत युवराज आणि रणधीर, दोघंही होते. सख्खे चुलतभाऊ, रानाला रान लागून. सहा वर्षांपूर्वी रणधीरनं मधली पाणंद नांगरून टाकली. त्याच श्रावणात युवराजची आई, कस्तुराबाई, गेली; तिला स्वतःच्या रानात न्यायला वाट उरली नाही आणि तिची तिरडी ओढ्यातल्या मांडीभर पाण्यातून न्यावी लागली. पुढच्या महिन्यात रणधीरच्या ठिबकच्या सगळ्या नळ्या कुणीतरी विळ्यानं कापल्या. कुणी ते गावाला माहीत होतं. तेव्हापासून लोहाऱ्याच्या तहसीलला दोघांचे अर्जावर अर्ज चालू आहेत. कीर्तनाला दोघंही पहिल्या रांगेत बसतात, एक या टोकाला, एक त्या टोकाला. आण्णा दरवर्षी त्या दोघांच्या मधे पाच नावं ठेवत आले होते.

मी मोबाइलवर पहाऱ्याची वेळ सांगणारं पहिलं अ‍ॅप घेतलं ते फुकटचं. पहिल्याच दिवशी प्रवचन रंगात आलेलं असताना माझ्या मांडीवरून पत्त्यांच्या खेळाची जाहिरात ओरडायला लागली. महाराज थांबले आणि म्हणाले, माउली, डाव झाला की सांगा, पुढं चालू करतो. मांडव हसला, मी पदर तोंडावर घेतला आणि ते अ‍ॅप काढून टाकलं.

दुसरं चांगलं निघालं. पाव तास आधी ज्याचं नाव त्याच्या आणि माझ्या मोबाइलवर आपोआप निरोप यायचा, वेळ झाली की घंटा. पण तिसऱ्या दिवशी घंटाच वाजली नाही आणि बिचारा कृष्णराज पाऊण तास जास्त उभा राहिला. मी शोधाशोध केली. मोबाइल बॅटरी वाचवायला त्या अ‍ॅपला झोपवून ठेवत होता. सेटिंगमध्ये जाऊन ते बंद केलं, मागेल ती परवानगी दिली. तरी वाजेना. शेवटी अ‍ॅप काढलं, परत घेतलं आणि आण्णांच्या कागदावरून बाराही नावं पुन्हा भरली. पहारा बदलला नाही तर बाराही जणांच्या मोबाइलवर दर दहा मिनिटांनी घंटा व्हावी, हेही लावून ठेवलं. चौथ्या दिवशी सकाळी सहाला घंटा ठणठणीत वाजली. मी मारुतीला हात जोडले. वाजते की नाही एवढंच मी बघत होते. कुणाच्या नावानं वाजते हे बघितलं नाही.

दुपारी पावणेचारला मी बायकांत बसून वांगी चिरत होते. मोबाइल वाजला. पुढचा पहारा, रणधीर. आत्ता विणा कुणाकडं आहे म्हणून यादीत त्याच्या वरचं नाव बघितलं तर युवराज. त्या शहाण्या अ‍ॅपनं नावं भरल्या भरल्या अक्षरांप्रमाणं लावून टाकली होती. य झाला की र.

मी विळी तशीच सोडून देवळात आले. युवराज दोनपासून उभा होता. रणधीर पाय धुऊन, टोपी नीट करून पायरीवर आला आणि विणा कुणाच्या गळ्यात आहे ते बघून तिथंच थांबला.

"वहिनी, ही यादी तुमी केली, का ह्यानं करून घेतली?"

मी म्हणाले, अ‍ॅपनं केली, माझी चूक झाली.

"अ‍ॅपला आमची भाऊबंदकी म्हाईत नसंल. तुमाला तर हाय."

बिभीषण तिथं टाळ धरून होता. तो म्हणाला, मी मधे घेतो दहा मिनिटं, मग माझ्याकडून रणधीरला. सरळ तोडगा होता. तो पुढं गेला तशी युवराजनं मान हलवली आणि विणा छातीशी घट्ट धरली.

"मधी कुणी यायचं न्हाय," रणधीरही म्हणाला. "माझं नाव हाय, म्या आलोय. दे म्हणावं."

दे म्हणजे कसं देणार? घेणाऱ्यानं आधी वाकायचं होतं आणि रणधीर ताठ उभा होता. युवराज डोळे रोखून नाम घेत होता. रामकृष्ण हरी, रामकृष्ण हरी. चार वाजले. घंटा झाली, बाराही मोबाइलवर, कुणाच्या खिशात, कुणाच्या पिशवीत. पहारा बदलला असं मी दाबून टाकलं असतं तर ते गप्प बसलं असतं, पण देवासमोर खोटं दाबायला माझं बोट उठेना. दहा मिनिटांनी परत घंटा. काल हातापाया पडून सगळ्या परवानग्या मीच दिल्या होत्या, आज ते काही केल्या झोपेना. शेवटी मी एकेकाला मोबाइलच बंद करायला लावला.

युवराजला बोलता येत नव्हतं, म्हणून रणधीरला जोर आला.

"आईला वड्यातनं न्ह्यावं लागलं, त्येचं लई दुख हाय ह्येला. पर त्या दिशी वाट मागाय आलता का माझ्या दारात? वाकाय लागतंय त्याला."

युवराजचं नाम एकदम वर चढलं. गळ्याच्या शिरा दिसायला लागल्या. टाळकऱ्यांची लय तुटली, ते त्याच्या मागं धावत राहिले. नाम इतकं कडू ऐकायची माझी पहिलीच वेळ.

साडेचार झाले, पाच झाले. रणधीरला परत जाता येईना, कारण गेला असता तर पळाला म्हणाले असते. युवराजला साखरेचा आजार आहे आणि सप्ताहात तो एकच वेळ जेवतो. त्याची बायको राजेश्वरी तांब्या घेऊन आली. त्यानं तोंड फिरवलं. ती वळून रणधीरला म्हणाली, "भावजी, त्ये पडले तर इणा घिऊन पडतील. मग जलमभर लोक तुमचंच नाव घेतील."

"मग त्येला सांग की. माझी कुठं ना हाय घ्यायला?"

कुणीतरी आण्णांना हाताला धरून आणलं. डोळ्यावर ऑपरेशनचा काळा चष्मा, त्यातून त्यांना नुसत्या सावल्या दिसत होत्या. ते दोघांवरही चिडले नाहीत. विणा टेकली तर छत्तीस वर्षांचा सप्ताह मोडला, आणि न वाकता घेतली तर पहारा धरला जायचा नाही, एवढं सांगून ते खांबाला टेकून बसले. म्हणजे आधी जे अडलं होतं त्याला आता आण्णांनी कुलूपच घातलं.

सव्वापाचला युवराजचं नाम बारीक झालं. कपाळावरून घाम ओघळत होता. एकदा शब्दच फुटला नाही, नुसते ओठ हलले. मग त्याचे गुडघे वाकले.

रणधीरनं उडी मारली. माणूस नाही धरला त्यानं, विणा धरली. एका हातानं दांडी, दुसऱ्या हातानं भोपळा, आणि दोरी युवराजच्या डोक्यावरून काढून स्वतःच्या गळ्यात. विणा जमिनीपासून वीतभर वरून गेली. युवराज सतरंजीवर पालथा पडला, कपाळ नेमकं रणधीरच्या पायाजवळ. बिभीषणनं आणि राजेश्वरीनं त्याला उचलून बसवलं, तोंडात साखर घातली. दोन मिनिटांनी त्यानं डोळे उघडले आणि पहिलं काय बोलला तर,

"म्या पाया पडलो न्हाय. चक्कर आली."

रणधीरचं तोंड उघडलं. काहीतरी जहरी जिभेवर आलं होतं, मला दिसलं. पण विणा आता त्याच्या गळ्यात होती. त्यानं ते गिळलं आणि म्हणाला, "रामकृष्ण हरी."

खांबाजवळून आण्णा म्हणाले, "रणधीर, तू आजून वाकला न्हाइस."

सगळा मांडव त्याच्याकडं बघत होता. त्यानं एका हातानं विणा सावरली, दात खाऊन नाम घेत घेत तो खाली वाकला. युवराज पाय पसरून बसला होता. रणधीरचा हात पुढं आला तसे त्यानं दोन्ही पाय ओढून पोटाशी घेतले. रणधीरचा हात सतरंजीला लागला. तोच हात त्यानं कपाळाला लावला आणि उभा राहिला. डोळ्यांत पाणी होतं, पण ते रागाचं.

"वाकला का गं?" आण्णांनी मला विचारलं.

मी क्षणभर मारुतीकडं बघितलं. "वाकला आण्णा."

"मग दुसरा?"

युवराजच्यानं उठवत नव्हतं. बसल्या जागी त्यानं हात जोडले, नुसत्या विणेला. नजर रणधीरच्या तोंडाकडं वर जाऊ दिली नाही. आण्णांना ते दिसलं नाही आणि मीही सांगितलं नाही, बसल्या जागी नमस्कार झाला एवढंच म्हणाले. आण्णांनी मान हलवली. पहारा धरला गेला.

बाहेर ओट्यावर युवराजला वारा घालत असताना मी त्याची माफी मागितली. म्हणाले, आजच आण्णांच्या कागदाप्रमाणं यादी परत लावते.

"लावू नगा," तो म्हणाला. "उद्या बी माझ्यामागं त्येलाच ठिवा. आज त्येला पाय गावले न्हाईत. उद्या म्या पाय रवून उभा ऱ्हातो, बघू कसा चुकवतोय."

राजेश्वरीनं कपाळावर हात मारून घेतला. ओटा गाभाऱ्यासमोरच आहे. आत हे ऐकू गेलं असणार, कारण रणधीरचं नाम तेवढ्यापुरतं एक पट्टी वर चढलं.

सहाला रणधीर पहारा देऊन बाहेर आला. आपल्या चपला शोधल्या, माझ्यासमोरून गेला आणि चार पावलं पुढं जाऊन मागं न बघता म्हणाला, "वहिनी, उद्या बी चारलाच ना?"

मी हो म्हणाले. घरी येऊन मोबाइल चालू केला आणि यादीला हात लावला नाही. फक्त बिभीषणला निरोप धाडला, की उद्या साडेतीनलाच साखर घेऊन युवराजच्या शेजारी उभा राहा.