नव्वद पाहुणे

"झेंड्यासारखं दिसता कामा नये, आई. दॅट्स द होल पॉइंट," असं म्हणत केयाने टेबलावरचा लालभडक रुमाल दोन बोटांनी उचलून बाजूला टाकला.

"चार जुलैला, इथल्या स्वातंत्र्यदिनी लग्न करायचं आणि झेंडा नको?" लताने विचारलं.

"थीम हवी, पण टेस्टफुल. नेव्ही ब्लू, आयव्हरी आणि हा विटकरी. लोकांना फील आला पाहिजे, डोळ्यांत घुसायला नको."

लता मुकाट्याने विटकरी रुमालांच्या घड्या घालू लागली. अमेरिकेत ट्रॉयमधल्या एका लॅबमध्ये ती एकोणीस वर्षं लोकांचं रक्त काढत होती. शीर सापडत नाही म्हणून घाबरलेले म्हातारे मुद्दाम तिचं नाव घेऊन तिच्यासाठी थांबत. हात हलका, बोलणं कमी. घरातही ती तशीच होती. हळद आदल्या दिवशी घरच्या घरी उरकायची, कारण पिवळा रंग पॅलेटमध्ये नव्हता. हे तिने मान्य केलं होतं. मंगलाष्टकं तीनच, हेही. तिने एकच गोष्ट मागितली होती: मिरजेहून सुलभाताईला बोलवायचं.

सुलभाताई लताची थोरली बहीण. बालवाडीत शिकवायची. आईवडिलांचं करता करता तिचं लग्न राहून गेलं. केया सात महिन्यांची असताना लताचं ट्रेनिंग सुरू झालं, तिच्या नवऱ्याची, अनिलची नोकरी तेव्हा दर सहा महिन्यांनी बदलत होती, आणि दोघांनी मुलीला मिरजेला नेऊन ठेवलं. सहा महिन्यांसाठी म्हणून ठेवली, ती अडीच वर्षं राहिली. परत आणली तेव्हा ती सुलभाला 'माऊ' म्हणायची आणि लताला 'बाई'.

एप्रिलमध्ये सुलभाताईची मुंबईत व्हिसाची मुलाखत झाली. दोन मिनिटांत नकार मिळाला. केयाने तेव्हा आईला मिठी मारली होती. "सो सॉरी, आई. दीज पीपल आर हॉरिबल," असंही म्हणाली होती.

जूनच्या पहिल्या शनिवारी केया पाहुण्यांची यादी घेऊन आली. लताचं अक्षर चांगलं, म्हणून टेबलांवरची नावाची कार्डं तिनेच लिहायची होती. केया आणि तिचा होणारा नवरा ईथन दोघं केक चाखायला गेले आणि लता निळ्या शाईचं पेन घेऊन बसली. नव्वद नावं. सुलभाताईचं नव्हतं, ते आता असणार नव्हतंच. पहिल्या टेबलावर अनिलच्या शेजारी ईथनच्या कॉलेजातल्या मित्राचं नाव होतं. चाळीसेक कार्डं लिहून झाल्यावर तिचं लक्ष कागदाच्या तळाशी गेलं. तिथे बारीक अक्षरात यादी केल्याची तारीख छापलेली होती. बारा मार्च.

ताईची मुलाखत होती एकवीस एप्रिलला.

लताने पेनाचं टोपण लावलं आणि मिरजेला फोन केला. तिकडे रात्र झाली होती.

"ताई, केयाचं लग्नाला बोलावल्याचं पत्र मिळालं होतं ना तुला? मुलाखतीला न्यायचं?"

"आता कशाला काढतेस ते?"

"मिळालं म्हणाली होतीस मला."

"नव्हतं मिळालं. दोनदा फोन केला तिला. पाठवते माऊ, म्हणाली. कामात असेल गं. तुला सांगितलं असतं तर तू तिच्यावर चिडली असतीस. लग्न ठरलेल्या पोरीला बोलू नये." मग तिने आवाज उतरवला. "आणि इथं मी सगळ्यांना सांगितलंय, गुडघ्यांमुळं मीच नको म्हणाले. तूही तेच सांग. उगाच तिचं नाव कुणाच्या तोंडी नको."

केया परतली तेव्हा लता तशीच बसली होती. ईथन अजून गाडीपाशी होता.

"ताईचं नाव तू मार्चमध्येच काढलंस?"

केयाने यादीकडे बघितलं. "आई, वेन्यूत नव्वदच बसतात."

"आणि पत्र?"

"लेटर दिलं असतं तरी व्हिसा मिळाला नसता, यू नो दॅट. आणि आली असती तर दिवसभर तिच्याजवळ कोण बसणार होतं? तिला इंग्लिश येत नाही, उन्हात लेकसाइडला तीन तास... शी वुड हॅव बीन मिझरेबल."

"तू अडीच वर्षं होतीस तिच्याकडे."

"मला काही आठवत नाही त्यातलं." केयाचा आवाज चढला नाही. "आणि मी गेले नव्हते, आई. तुम्ही पाठवलं होतंत मला."

ईथन हसत आत आला आणि त्याने लिंबाचा केक फायनल झाल्याचं सांगितलं. "व्हेरी नाइस," लता म्हणाली.

अनिल अंगणात गवत कापत होता. तिने जाऊन मशीन बंद करायला लावलं.

"तुम्हाला माहीत होतं?"

त्याने टोपी काढून घाम पुसला. "म्हणाली होती एकदा, ताईंना पत्र नाही पाठवलं म्हणून. मला वाटलं, एवीतेवी कोण देतंय व्हिसा. तिचं लग्न आहे लता, तिच्या मनासारखं होऊ दे."

लता आत आली आणि तिने उरलेली पन्नास कार्डं लिहून काढली. अक्षर कुठेही बिघडलं नाही.

चार जुलैला तळ्याकाठी सगळं केयाच्या मनासारखं झालं. पांढरी फुलं, निळे काचेचे पेले, कुठेही झेंडा नाही. सगळ्यांनी सजावटीचं कौतुक केलं. ईथनची आई लिंडा ग्लास उंचावून म्हणाली, आजच्या दिवशी दोन्हीकडचं सगळं कुटुंब इथे एकत्र आहे यापेक्षा सुंदर काय! लोकांनी टाळ्या वाजवल्या. लतानेही वाजवल्या. दूरच्या फ्रिस्को शहरातून आलेल्या आसावरी वहिनींनी हळूच विचारलं, "सुलभाताई नाही आल्या?"

"गुडघे दुखतात तिचे," लता म्हणाली. "तीच नको म्हणाली."

मग नमस्काराचे फोटो सुरू झाले. केया आयव्हरी रंगाचा शालू सावरत आईपुढे वाकली. लताने वाकलेल्या डोक्याकडे पाहिलं. अष्टपुत्रा, सुखी राहा, काहीतरी म्हणायचं असतं. तिला त्यातलं काहीच म्हणता येईना. हात मात्र सवयीने डोक्यावर गेला.

"ब्यूटिफुल," फोटोग्राफर म्हणाला. "वन मोर टाइम, मॉम. कॅन यू लुक अ लिटल हॅपियर?"

केया सरळ झाली, पदर नीट करून पुन्हा वाकली. लताने पुन्हा हात ठेवला, आणि कॅमेऱ्याकडे बघून हसली.