नंदिनीच्या विमानातली उशी

मित्रांनो, मी एक जुनी, चौकोनी उशी आहे. आता माझा रंग उडाला आहे. पण तरुणपणी मी कोल्हापूरजवळच्या उजळाईवाडीच्या माळावरून विमानात बसून आभाळात जात असे!

नंदिनी ही कोल्हापुरातल्या एका शिक्षकांची मुलगी. १९५३ साली ती विमान चालवायला शिकू लागली. चणीने लहान असल्यामुळे तिला विमानाच्या नाकापलीकडचे काही दिसेना. तिच्या आईला, म्हणजे अक्काला, हे उडणे मुळीच पसंत नव्हते. तरी तिनेच जुन्या इरकली लुगड्याचा अभ्रा शिवला, त्यात सावरीचा कापूस ठासला आणि मला लेकीच्या हातात आदळले.

"जायचंच हाय तर समोरचं नीट दिसू दे की!"

एके सकाळी उतरताना नंदिनीला जमीन अगदी जवळ आल्यासारखी वाटली. तिने घाईने विमानाचे नाक उचलणारी दांडी मागे ओढली. विमान हवेतच अडखळले आणि धाडकन खाली आदळले. उसळले, पुन्हा आदळले. चाकाचा दांडा वाकला, माझी शिवण उसवली. पुढे बसलेल्या माधवरावांचे, तिला शिकवणाऱ्या गुरुजींचे, कपाळ फुटले. रक्त पुसायच्या आधी ते मागे वळले.

"नंदिनी, तुला लागलं का गं?"

तिने नकारार्थी मान हलवली.

घरी तिने मला फडताळात कोंबले आणि "आता मी जाणार न्हाय," एवढेच सांगितले. कारण सांगितले नाही. पण अक्काला मी सापडले. उसवलेल्या शिवणीवरून बोट फिरवत ती मला मांडीवर घेऊन कितीतरी वेळ बसली. मित्रांनो, तिच्या मनासारखेच झाले होते. ती गप्प राहिली असती तरी पुरे होते. पण ती उठली आणि सुईदोरा घेऊन आली.

"नंदे, विमान दुरुस्त झालं की मी बी येते माळावर."

"अक्का, माझ्यामुळं माधवरावांचं डोकं फुटलंय!"

"मग आधी त्यांची माफी मागू."

विमान दुरुस्त झाले त्या दिवशी माळावर अक्काने हात जोडताच माधवराव हसले. "अहो, शिकताना मी तर विमान उसात घातलं होतं. बसवा तिला."

नंदिनी पुन्हा माझ्यावर बसली आणि विमान वर गेले. उतरताना माधवराव म्हणत होते, "थांब... अजून थांब... आता!" आणि चाके गवतावर अलगद टेकली. खाली अक्का डोळे गच्च मिटून उभी होती.

"उतरलं व्हय?" तिने विचारले.

पुढे नंदिनीला परवाना मिळाला. नवे विमान आले, त्याची बैठक उंच होती. माझी गरज संपली. मला फार वाईट वाटले. पण अक्काने मला उचलले. नंदिनी उडायची त्या दिवशी ती मला घेऊन माळावर येई आणि बाभळीखाली टाकून माझ्यावर बसे.

"अक्का, एकदा तरी बस की विमानात!"

"नको बाई. मला हितनंच बरं दिसतंय."

विमानाचा आवाज दूर गेला की अक्काची मूठ माझ्या कडेवर आवळे. चाके टेकली की सैल होई. इतकी वर्षे वर बसून मला हे कधी कळलेच नव्हते.

मित्रांनो, आभाळात जाणाऱ्याकडे सगळेच माना वर करून बघतात. तुम्हीही बघा. पण खाली कुणी वाट बघत उभे असेल, तर त्याला आधी बसायला काहीतरी मऊ द्या.