अंजिराखालची पेंढी

धाकट्या लेकीला, रिव्काला, सासरी पाठवलं, त्याच वर्षीची ही गव्हाची कापणी. शेवटची खेप गाढवावर लादून योएझर खळ्याच्या वाटेला लागला आणि त्याच्या मागून निघालेली शप्पीरा बांधावरच थबकली. अंजिराच्या झाडाखाली एक पेंढी उभी होती. चांगली भरदार, आंधळ्यालाही दिसावी अशी.

ती नवऱ्याच्या पाठीकडे बघत राहिली. आता वळेल, मग वळेल. चाळीस वर्षांत हा माणूस एक पेंढी विसरला नव्हता.

गालीलच्या त्या यहुदी डोंगरगावात याची थट्टा व्हायची. कापणीच्या वेळी गरिबांसाठी शास्त्राच्या तीन आज्ञा होत्या. शेताचा कोपरा गरिबांसाठी न कापता राखायचा. योएझर तो हात सैल सोडून राखी. गळालेल्या ओंब्या सरवा वेचणाऱ्यांना सोडी. तिसरी आज्ञा मात्र त्याच्या हातून कधी पाळली गेली नव्हती. विसरून राहिलेली पेंढी आणायला धन्यानं माघारी जायचं नाही. ती विधवेची, पोरक्याची, परक्याची. आणि हे काही ठरवून करता येत नाही. मुद्दाम विसरलं तर ते विसरणं कसलं?

"एवढं एक राहिलंय बघ माझं," तो दर वर्षी म्हणे. "पण देवानं डोकंच असं दिलंय. लग्नात तुझ्या बापानं तेलाचे बुधले किती कमी दिले, तेही आठवतं."

"मग आधी ते विसरा," शप्पीरा म्हणे.

एका वर्षी तिनं गुपचूप एका पेंढीवर काड पसरलं होतं. झाकलेली पेंढी विसरलेली धरत नाहीत असं कळल्यावर मुकाट्यानं काढलंही होतं.

आज तिनं काहीच केलं नव्हतं. हाक मारावी तर त्याची जन्माची इच्छा बुडणार. ती तशीच, जीभ दाताखाली धरून, त्याच्या मागोमाग चालत राहिली.

खळ्यावर पेंढ्या उतरल्या, गाढव मोकळं झालं, तरी त्याला काही आठवलं नाही. तेवढ्यात सरवा वेचणारी विधवा खुल्दा धापा टाकत आली.

"योएझरबाबा, अंजिराखाली एक पेंढी राहिलीय. नेताय, की मी उचलू?"

योएझरनं खळ्याकडे पाहिलं, मग शेताकडे.

"शप्पीरा, तू पाहिलीस?"

"पाहिली."

"आणि मी विसरलो?"

"साफ विसरलात."

 मग तो असा हसला की गाढवानं कान टवकारले.

"ने बाई, ने! तुझीच ती!"

"एका पेंढीचं एवढं?" खुल्दा म्हणाली. "उद्या आणखी चार विसरा, माझी ना नाही."

"आज कोकरू कापायचं," तो दाढी पुसत म्हणाला. "शप्पीरा, हिल्कियाला बोलावणं धाड. सगळ्यांत जास्त तोच हसायचा मला."

शप्पीराच्या हातातली दोरी तशीच राहिली. हिल्किया, त्याचा थोरला भाऊ, जाऊन सहा वर्षं झाली होती. थडग्याच्या तोंडाशी धोंडा योएझरनंच लोटला होता.

खुल्दानं तिच्याकडे पाहिलं आणि नजर खाली घातली.

शप्पीरानं पुढे होऊन नवऱ्याच्या खांद्यावरचा भुसा झटकला.

"भावजी लांब आहेत," ती म्हणाली. "मला सांगा ना. अगदी पहिल्यापासून."

घरी जाताना तो सांगत होता आणि ती त्याची बाही धरून ऐकत होती. मधेच तो थांबला, की पुढचं ती सांगे.

पुढच्या कापणीला चार पेंढ्या राहिल्या, त्याच्या पुढच्या कापणीला अकरा. त्या गव्हाची भाकरी खुल्दा अधूनमधून घेऊन येई. हातात भाकरी घेऊन तो दर वेळी विचारी, कुठल्या गव्हाची?

"तुम्ही विसरलेल्या पेंढीची, बाबा."

"मी विसरलो? मी?" तो हरखून शप्पीराकडे बघे. "ऐकलंस? जमलं म्हणायचं!"

"जमलं हो," ती म्हणे, आणि भाकरीचा पहिला तुकडा मोडून त्याच्या हातावर ठेवी.

रिव्काला दुसरा मुलगा झाला त्या वर्षी, अंजीर पिकायच्या दिवसांत, शब्बाथच्या, विश्रांतीच्या दिवसाच्या, आदल्या सकाळी योएझर वारला.