चंद्र अर्ध्यावर

ब्रॉडवेच्या रंगभूमीवर प्रत्येक कलावंत अपरिहार्य असतो. म्हणूनच प्रत्येकाच्या जागी उभं करायला दुसरं कुणीतरी ठेवलेलं असतं.

आमच्याकडे ती लोरेन पेट्राकिस. अकरा जणांच्या भूमिका तिला पाठ; चौदा वर्षं विंगेत उभं राहून तिनं कुणाच्या तरी घसादुखीची वाट पाहिली. एका बुधवारी दुपारच्या खेळाला नायिकेचा आवाज बसला आणि लोरेनला चंद्रावर बसवलं. चंद्र वरून उतरणार, त्यावर बसून ती एकटी गाणार. अ‍ॅस्टोरियाहून तिची आई येऊन तिसऱ्या रांगेत बसलेली.

मी खाली तारा होतो, डावीकडून चौथा. निळ्या धुक्यातून लोरेन पाय हलवत तरंगत खाली येत होती, जणू झोपेत. आणि झोपेतल्यासारखीच तिनं गाण्याची पहिली ओळ शीळ घालून घेतली.

रंगमंचावर शीळ! पूर्वी इथे दोर ओढायला खलाशी असत, त्यांचे हात शिळेच्या इशाऱ्यावर चालत. वरच्या माचीवर चंद्राचा दोर सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या कॉर्मकनं तत्काळ दोर बांधून टाकला. चंद्र अर्ध्यावर थांबला. पडदा पाडावा लागला.

"कॉर्मक, काय केलंस हे?" व्यवस्थापक विनिफ्रेड खालून ओरडली.

"शीळ झाली, बाई. शीळ झाली की दोर बांधायचा. आजोबांचा नियम."

"मग सोड आता!"

"गाठही आजोबांचीच. बांधायची शिकवली, सोडायची शिकवायच्या आत वारले."

विनिफ्रेडनं कपाळाला हात लावला. "गाणं गाळा. चंद्र सुटला की थेट बाजाराचा प्रवेश."

हे लोरेननं वर ऐकलं. ती थोडा वेळ पडद्याच्या पाठीकडे बघत राहिली. मग गायला लागली.

वाद्यं नाहीत, प्रकाशझोत नाहीत. सुतारांनी हातोड्या खाली ठेवल्या. आम्ही विझलेले तारे उगाच डुलत होतो. धूळ हळूहळू वर जात होती, आणि वाटलं, चंद्र जागच्या जागी आहे, आपणच सगळे इमारतीसकट खाली उतरतोय. शेवटचा सूर संपला तेव्हा कॉर्मक एका हातात दोर धरून दुसऱ्यानं डोळे पुसत होता. गाठ कधी सुटली, त्यालाही कळलं नाही.

खेळानंतर मागच्या दाराशी आई म्हणाली, "तुझं गाणं कधी झालं गं? मला दिसलंच नाही. पण खोळंबा झाला तेव्हा रेकॉर्ड लावली होती ना, ती फार गोड."

"रडलीस?" लोरेननं विचारलं.

"थोडीशी."

संध्याकाळच्या खेळाला नायिकेचा बसलेला आवाज सुटला. विनिफ्रेडच्या अहवालात त्या दुपारची नोंद आहे: चंद्र अडकला. अकरा मिनिटे उशीर. बाकी काही घडले नाही.