चोकची तार

विजेच्या खात्यातून निवृत्त झालेल्या त्या गृहस्थांना सगळी बिल्डिंग साहेब म्हणायची. कुणाचा पंखा कुरकुरला तरी साहेब आधी अर्धा तास सिद्धांत समजावून सांगत आणि मग माणूस बोलवायला सांगत. त्यामुळे त्यांच्याच गाडीची बॅटरी दर दोन दिवसांनी उतरू लागली, तेव्हा धक्का मारायला शेजारी जरा जास्तच हौसेने धावले.

गाडी पंचवीस वर्षांची. चालवायच्या त्यांच्या पत्नी; त्या शाळेत गणित शिकवायच्या आणि रोज सकाळी सातला निघायच्या. साहेबांकडे देखभाल होती. म्हणजे रविवारी बॉनेट उघडायचं, मीटर लावायचा आणि गंभीर व्हायचं.

आधी त्यांनी बॅटरी आळशी ठरवली. नवी आली, तीही उतरली. मग बॅटरी भरणाऱ्या अल्टरनेटरवर संशय गेला. खरं तर त्याच्यावर मीटर चौदा व्होल्टच्या वर दाखवत होता आणि बॅटरीवर जेमतेम बारा. हा फरक साहेबांनी वहीत सुवाच्य अक्षरात लिहिला आणि अल्टरनेटर बदलला. फरक तसाच राहिला.

या सगळ्यात बाईंनी एक गोष्ट तीनदा सांगितली होती. सकाळी थंड गाडी सुरू करताना ओढावी लागणारी चोकची तार हाताला भाजते. पहिल्या वेळी साहेब म्हणाले, तुला भास होतो. दुसऱ्या वेळी म्हणाले, इंजिन गरम असतं. बाईंनी विचारलं, रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचं? तिसऱ्या वेळी साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले, "अगं, चोकच्या तारेत वीज नसते. तो विषय तू माझ्यावर सोड."

बाईंनी सोडला, आणि त्या आठवड्यात दोनदा रिक्षाने शाळेत गेल्या.

शेवटी वायरमनला बोलवावंच लागलं. साहेबांनी त्याला हातातलं पेटीचं ओझंही खाली ठेवू दिलं नाही. वहीतला आलेख दाखवत डायोडवर व्याख्यान सुरू केलं. तो माणूस मान डोलावत राहिला. व्याख्यान संपल्यावर त्याने साहेबांना ओलांडून बाईंना विचारलं, "गाडी तुम्ही चालवता ना? तुम्हाला काय जाणवतं?"

"चोकची तार भाजते. सुरू करताना."

वायरमन पुढचं काही न विचारता बॉनेटखाली वाकला. इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी अर्थिंगची पट्टी त्याने शोधून काढली. ती जिथे बॉडीला बसवली होती, तिथे खाली चकचकीत काळा रंग होता.

"हा रंग कुणी दिला?"

गंज लागू नये म्हणून, साहेब म्हणाले. दोन हात दिलेत.

"मग वीज जाणार कुठून? रंगातून तर जात नाही. तिने इंजिनाला जोडलेल्या चोकच्या तारेचा रस्ता धरला. बॅटरीला पोचेपर्यंत उरतं काय!"

त्याने रंग खरवडून पत्रा उघडा केला, पट्टी घट्ट आवळली आणि गाडी सुरू केली. बॅटरीवर चौदा आले. बाईंनी चोकच्या तारेला हात लावून पाहिला; गार होती. काम दहा मिनिटांचं होतं. त्याआधी सहा आठवडे गेले होते.

संध्याकाळी बिल्डिंगच्या पायऱ्यांवर साहेब शेजाऱ्यांना सांगत होते की वीज नेहमी सोपी वाट शोधते आणि तारेचं तापमान हाच खरा धागा होता. कुणीतरी विचारलं, हे सुचलं कसं?

"निरीक्षण," साहेब म्हणाले.

बाई तेवढ्यात वह्यांचा गठ्ठा घेऊन आत शिरत होत्या. न थांबता म्हणाल्या, "निरीक्षण माझं. रंग यांचा."

पायऱ्यांवर हशा पिकला. साहेब दोन दिवस खाली उतरले नाहीत. रविवारी बॉनेट उघडण्याआधी ते स्वयंपाकघराच्या दाराशी घुटमळले आणि लग्नानंतर बहुधा प्रथमच त्यांनी विचारलं, गाडीत आणखी काही जाणवतं का?

"बसा," बाई म्हणाल्या. "आणि पेन आणा, यादी मोठी आहे."