गिरजेच्या अंगठ्याखालचं शून्य

या, असे पुढे सरका. खांबाला टेकून बसलेल्यांनी तर आधी यावं. तिथे हमखास डुलकी लागते, आणि ही गोष्ट अर्धवट ऐकली तर बकरीला वजाबाकी येते असं समजून घरी जाल. बुवांची एसटी अजून टोकावड्याच्या अलीकडे आलेली नाही. कीर्तन उभं राहीपर्यंत तुम्हाला एक खरीखुरी कथा सांगतो. टाळ मात्र हाताशी ठेवा, शेवटी लागतील.

धसईच्या मारुतीच्या देवळात त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. बाजाराचा दिवस, त्यात महाराज आलेले. काकड्यांच्या टोपल्या बाहेर तशाच टाकून बाया आत घुसल्या होत्या. सभामंडपात मधोमध पाट, पाटावर वाघाचं कातडं छापलेली चादर, आणि चादरीवर अंकानंद महाराज. डोळ्यांना भगवी पट्टी. समोर मांडीवर पाटी घेऊन गावातलाच कमळू.

"वत्सा, चार अंकांची संख्या लिही," महाराज म्हणाले. "आता त्याच अंकांच्या जागा बदल. मोठीतून धाकटी वजा कर. जे उरेल त्यातला एक अंक झाक आणि बाकीचे आम्हाला सांग. शून्य मात्र झाकू नकोस. शून्य हे पाताळाचं तोंड. तिथे आमची दृष्टी जात नाही, जाऊही नये."

कमळूने ७३५२ लिहिले. उलटसुलट करून खाली २५३७ मांडले. जीभ बाहेर काढून, हातचे घेत, बोटं मोजत त्याने ४८१५ हे उत्तर काढलं आणि आठावर तळहात ठेवला. मग भीत भीत म्हणाला, चार, एक, पाच.

महाराजांना कापरं भरलं. "कमळ दिसतंय. आठ पाकळ्यांचं कमळ. आठ. तुझं नाव कमळावरून तर नाही?"

लोकांनी कानाला हात लावले. सकाळपासून सगळं देऊळ त्याला कमळू कमळू म्हणून हाका मारत होतं, हे कुणाच्याच लक्षात आलं नाही.

आता या गर्दीत पहिला टाळ कुणी वाजवला, तर धाऊने. आणि तीच खरी नवलाची गोष्ट.

धाऊ म्हणजे त्या देवळाचा जुना टाळकरी. भाताची शेती, गळ्यात माळ, आणि डोक्यात कोडी. बुवा नेहमी उशिरा येत, म्हणून वाट बघणाऱ्या मंडळींना तो गणितं घाली. हळूहळू त्याचा नेमच झाला. कुणीही विचारावं, कुणीही सांगावं. शाळकरी पोरी, मास्तर, दूध घालणारे, सगळे एका सतरंजीवर. पण धाऊचा एक दंडक होता. नुसतं उत्तर बरोबर आलं म्हणून टाळ वाजत नसे. ते कसं आलं याची रीत सांगितली, ती सगळ्यांना पटली, की मगच टाळ. एकदा अंगणातल्या कोंबड्या आणि बकऱ्यांच्या पायांच्या कोड्याचं उत्तर कमळूने पटकन दिलं होतं. रीत विचारल्यावर म्हणाला, अशीच आली तोंडात. टाळ वाजला नाही. कमळू महिनाभर रुसला होता.

म्हणूनच त्या दिवशी कमळूने पाटीवरून डोकं वर करून विचारलं, "धाऊदा, ह्यांना रीत नाय का विचारायची?"

"देवाला रीत विचारतात का रे?" धाऊ म्हणाला, आणि त्याने टाळ वाजवला.

मंडळी, धाऊ मूर्ख नव्हता. त्याने दर वजाबाकी स्वतः तपासली होती. हातचे बरोबर, उत्तर बरोबर, महाराजांचा अंक बरोबर. आयुष्यभर बरोबर उत्तराच्या मागे लागलेल्या माणसाला इतकी बरोबर उत्तरं एकदम मिळाली, की त्याची माळ आणि मेंदू दोन्ही त्या पाटासमोर लोळू लागले.

गावाचं काय विचारता. कमळू बकरी घेऊन आला. म्हणाला, हिच्यापण मनातलं सांगा. त्यानेच पाटीवर आकडे मांडले, त्यानेच वजा केले, आणि बकरीचा पुढचा पाय उचलून एका अंकावर ठेवला. महाराजांनी पाच सांगितले. पाय उचलला तर खाली पाच. त्या दिवसापासून बकरीला शास्त्रीणबाई म्हणू लागले. तिला हिरवा पाला आधी, मग घरच्या गुरांना. लोक एकमेकांना सांगत, बकरी हातचा चुकत नाही. कमळूलाही वाईट वाटे, की आपण बोटं मोजतो आणि ही नुसती रवंथ करते.

महाराज सांगत की सगळ्या अंकांचा राजा नऊ. भक्ती नवविधा, रात्री नवरात्रीच्या, ग्रह नऊ, नाथ नऊ. मग काय, वरणाला नऊ मिरच्या. पाहुण्याला नवव्यांदा आग्रह केल्याशिवाय तो जेवायला बसेना, आणि आठव्यांदा आग्रह करून थकलेल्या घरातून एक जावई उपाशी गेला. देवळात महाराजांपुढे तांदळाच्या राशी आणि पाय बांधलेले कोंबडे वाढत चालले. झाकलेलं सगळं पाहणाऱ्या महाराजांना कोंबडा पातेल्यावरचं झाकण न उघडता ओळखता येई, तेवढं मात्र खरं.

इथवर हसण्यासारखं होतं. पण धाऊच्या घरात गिरजा होती.

गिरजा त्याची बायको. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तांदूळ निवडताना खडे तांदळात आणि तांदूळ खड्यांत जात. आरोग्य केंद्रातल्या सरिता नर्सबाईने खेपा घालून तिला तयार केलं होतं. मंगळवारी सकाळी शहापूरच्या शिबिराला जीप जायची होती, आणि ऑपरेशनचं सगळं ठरलं होतं. गिरजा सुरीला भीत होती, पण नातीचं तोंड नीट दिसेल म्हणून हो म्हणाली होती.

महाराजांनी ते ऐकलं आणि मान हलवली. जो झाकलेला अंक बघतो त्याला डोळ्यातली झाकलेली बाहुली उघडायला कितीसा वेळ, असं ते म्हणाले. आधी अंकदर्शन, मग मंतरलेल्या पाल्याचा रस, एकेका डोळ्यात नऊ थेंब. सुरी लागली तर मात्र देवाचा हात निघून जाईल. धाऊने त्याच पावली जाऊन सरिताला सांगितलं, जीप आमच्या दारात थांबवू नका. सरिता पुष्कळ बोलली. रस डोळ्यात गेला तर आहे तीही नजर जाईल, असं तिने बजावलं. धाऊला तिचं ऐकू आलं, पण पोचलं नाही. त्याच्या मते तिने वजाबाक्या तपासल्या नव्हत्या, त्याने तपासल्या होत्या.

सोमवारी संध्याकाळी नात भूमिका मुरबाडहून आली. ती तिथे कॉलेजात बी.एस्सी. करते, परीक्षेमुळे पंधरवडाभर घरी नव्हती. तिला वाटेतच कळलं की बकरी शास्त्रीण झाली आणि आजीचं ऑपरेशन बंद. पिशवी खांद्यावर तशीच ठेवून ती देवळात पोचली, तर गिरजा पाटासमोर बसलेली. बाजूला पितळेच्या वाटीत हिरवा रस, त्यावर एक माशी मरून पडलेली.

"बरी आलीस गो," धाऊ म्हणाला. "आजीला लिहिता येत नाय. ती आकडे सांगेल, तू पाटी धर."

भूमिकेने एकवार वाटीकडे, एकवार आजोबांच्या तोंडाकडे पाहिलं. तिथे भांडून उपयोग नव्हता. तिने पाटी घेतली. गिरजाने मनाला येतील ते आकडे सांगितले, ९२४१. भूमिकेने जागा बदलून खाली २१४९ लिहिले. उरले ७०९२. महाराजांनी पट्टी आवळली, शून्य न झाकण्याची ताकीद पुन्हा दिली, आणि गिरजाने पाटी चाचपली. तिला सगळी पाटीच धुक्यासारखी दिसत होती. त्यातला शून्य कुठला आणि सात कुठला, तिला कसं कळावं? कुंकू लावावं तसा तिने अंगठा टेकवला. तो नेमका शून्यावर.

भूमिका आजीचा हात सरकवायला वाकली आणि तशीच थांबली. शून्याने पाताळ उघडतं म्हणतात, तर उघडू दे, तिने मनात म्हटलं. मोठ्याने तिने वाचलं, "सात, नऊ, दोन."

महाराजांना नेहमीचं कापरं भरलं. "राजा दिसतो. अंकांचा राजा. नऊ."

गिरजाने अंगठा उचलला. धाऊ टाळ वाजवायला पुढे झाला होता. हात तसाच अधांतरी राहिला. पाटीवर शून्य होतं, गोल, घसघशीत.

महाराजांनी पट्टी वर करून पाहिलं आणि ताबडतोब सांगितलं, की या बाईच्या मनात पाप आहे, पाप असलं की राजा शून्य होतो. गिरजा म्हणाली, "माझ्या मनात कसलं पाप वो? मला दिसलाच नाय आकडा. दिसत नाय म्हणून तर इथं आले."

हे वाक्य धाऊच्या काळजात गेलं. जो लपलेलं सगळं बघतो, त्याला ही आंधळी म्हातारी बघून कळेना, की हिला दिसत नाही?

"धाऊदा," कमळू हळूच म्हणाला, "बकरीच्या मनात पाप नव्हतं, आन् काकूच्या मनात आहे?"

भूमिकेने पाटी सतरंजीवर ठेवली. इतर दिवशी कोडं घालावं तसं तिने साध्या आवाजात विचारलं, की महाराज चुकले ते नऊ आणि शून्य याच दोघांत का चुकले? सात म्हणाले नाहीत, चार म्हणाले नाहीत. सांगा बघू.

बस्स. कोड्याला चटावलेली मंडळी ती. कोंबडे विसरली, वाटी विसरली, पाटीभोवती गोळा झाली. एक पोरगी म्हणाली, सात, नऊ, दोन मिळून अठरा होतात. कमळूला आपले ४८१५ पाठ होते, त्याने बेरीज केली, तेही अठरा. दुसऱ्याने नवी वजाबाकी केली, बेरीज सत्तावीस. कुणाची नऊ. नवाच्या पाढ्याबाहेर एकही जाईना. मग कमळूच ओरडला, की चार, एक, पाच म्हणजे दहा, अठराला आठ कमी, मग मला कमळ कशाला दाखवलं? त्याने महाराजांच्याच हातात पाटी दिली आणि म्हणाला, मांडा, आता मी डोळे बांधतो. महाराजांनी मांडायला नकार दिला. मग दुसऱ्या कुणीतरी मांडलं, आणि कमळूने डोळे बांधून बरोबर सांगितलं. कापरं भरायचं तेवढं विसरला.

"रीत?" भूमिका आजोबांकडे बघून म्हणाली. "सगळ्यांचं उत्तर आलं. रीत कुणी सांगेल?"

धाऊने टाळ खाली ठेवला. मग तो देवळाच्या कोनाड्यातले पोरांचे चिंचोके घेऊन सतरंजीवर बसला. दहा चिंचोके मांडून त्यातले नऊ बाजूला केले. एक उरला. वीस मांडले, नवाचे दोन ढीग केले, दोन उरले. शंभरातून नव्व्याण्णव गेले तरी एकच उरतो, हजारातूनही एकच. म्हणजे कुठल्याही संख्येचे नवाचे ढीग करत गेलो, तर मागे तिच्या अंकांच्या बेरजेइतके चिंचोके उरतात.

"आता अंकांच्या जागा बदला," तो म्हणाला. "बेरीज बदलली? नाय. म्हणजे दोन्हीकडं उरलेलं सारखंच. एकातून दुसरं वजा केलं, की उरलेल्यातून उरलेलं गेलं. मागं राहिले नुसते नवाचे पुरे ढीग. म्हणून उत्तरातल्या अंकांची बेरीज नवाच्या पाढ्यातच बसते. एक अंक झाकला, तर पाढ्याला जेवढा कमी पडेल तेवढा तो. अठरा आधीच पुरे झाले, तर झाकलेला शून्य पण असेल, नाय तर नऊ. ह्यांना ते कळायला मार्गच नाय. म्हणून शून्य झाकायचं नाय." त्याने चिंचोके गोळा केले. "पाताळ बिताळ काय नाय. ही जागा उघडी पडू नये म्हणून."

सगळ्यांना पटलं. पण टाळ वाजवणारा धाऊच, आणि रीत सांगणाराही तोच. तेव्हा तो टाळ गिरजाने उचलला आणि वाजवला. मग हिरव्या रसाची वाटी घेऊन ती पायरीपर्यंत चाचपडत गेली आणि तिने ती बाहेर ओतली. शास्त्रीणबाईने पुढे होऊन हुंगलं आणि तोंड फिरवलं. धाऊने तेवढ्यात फोन काढून सरिताला सांगितलं, जीप दारात थांबव, आणि बोललो ते मनात ठेवू नको.

महाराज चादर गुंडाळत होते. कोंबडे ज्याचे त्याने परत नेले. जाताना झाकलेलं सगळं पाहणाऱ्या त्या पुरुषाने कमळूला विचारलं, की टोकावड्याची शेवटची गाडी गेली का? कमळू म्हणाला, "डोळे बांधून बघा ना."

गाडी गेली होती.

गिरजाचं ऑपरेशन झालं. पट्टी काढली तेव्हा तिने आधी भूमिकेला डोळे भरून पाहिलं. मग धाऊकडे बघून म्हणाली, "अवो, तुमी एवढे म्हातारे कधी झाले?" धाऊ म्हणतो, महाराज गेल्यापासून ऐकलेलं हे एकच बरोबर बोलणं, ज्याची रीत त्याने विचारली नाही.

तर बाप्पा, देवावरचं प्रेम कमी करा असं मी कशाला म्हणेन? माझा जन्म याच सतरंजीवर गेला. पण आपले बुवासुद्धा नुसतं सांगून सुटत नाहीत. एकेक चरण उकलतात, दृष्टांत देतात, आपल्याला पटेपर्यंत थांबतात. जो उकलून दाखवत नाही, विचारलं की पाप काढतो, आणि अमुक ठिकाणी हात लावू नका म्हणतो, त्याच्या बरोबर उत्तरालाही टाळ वाजवू नका. हात लावू नका म्हणतो तिथेच आधी हात लावा. आणि डोळ्याला काही झालं तर डोळ्याच्या डॉक्टरकडे जा.

ती बघा, एसटीचा दिवा दिसला. बुवा आले. टाळ घ्या हातात. फक्त एवढं करा, पुढे कधी कुणी तुमच्या मनातलं सांगू लागला आणि तुमचे हात आपोआप जुळू लागले, तर त्या हातांच्या अंगठ्याकडे बघा, आणि आमच्या गिरजेची आठवण काढा.