वाढलेली खिडकी

खिडकी नीट मोजून कापड आणलं होतं, तरी पडदा चार बोटं आखूड झाला. सासूबाई तो घेऊन दुकानात गेल्या, तर कापडवाला भर गिऱ्हाइकांत म्हणाला, "आजी, तुमची खिडकीच वाढली असेल!" सगळे खो खो हसले. ते हसू सासूबाईंच्या पोटात निखाऱ्यासारखं धगधगत राहिलं.

सून शाळेत ग्राहकांचे हक्क शिकवायची. सासूबाई तिला म्हणाल्या, "पुस्तकातून कसले हक्क शिकवतेस? वर्ग त्याच्या दुकानात ने. मीही येते."

मुलं बघून कापडवाला खुलला. सासूबाईंनी पुन्हा पडद्याचं कापड मागितलं, तसं पट्टीवर ताणून ताणून त्याने ते मोजलं आणि कापलं.

"पोरांनो, आता तेच टेबलावर सैल सोडून मोजा," सासूबाई म्हणाल्या. कापड चार बोटं कमी भरलं. गिऱ्हाइकं जवळ सरकली.

"आजी, घेताना तुम्ही का नाही मोजलंत?" एका मुलीने विचारलं.

"म्हणून तर तुम्हाला आणलं. माझ्यासारखं तोंडाकडे बघत बसू नका, हाताकडे बघा."

कापडवाला घाईघाईने कापड गुंडाळू लागला. "आजी, बदलून देतो ना!"

"ते तर देशीलच, हक्काचंच आहे. आधी ते खिडकीचं वाक्य मोठ्याने म्हण. आज पोरांना हसू दे."